मर्विन पेंगिलीच्या गाडीखालचा डाग

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मुंटा गावात मर्विन पेंगिलीच्या घरी मोटरसायकलवरून जायचं तर लोक आधी आपापल्या घरी गाडी पुसून घेत. फाटकातून आत शिरून तुम्ही इंजिन बंद करता न करता, हेल्मेटचा पट्टा अजून हनुवटीखाली असतानाच, मर्विन शेडमधून बाहेर येई. हातात बायकोच्या ओव्हनमधून निवृत्त झालेला एक पसरट ट्रे. तो ट्रे तो वाकून, एक अक्षर न बोलता, तुमच्या इंजिनाखाली सरकवी आणि मग सरळ उभा राहून विचारी, "काय म्हणताय? सगळं ठीक?" दुसऱ्याचं तान्हं मूल मांडीवर घेण्याआधी खाली दुपटं घालावं, तसा हा सोहळा. अशा वेळी मुलाच्या आईला जे वाटतं तेच गाडीच्या मालकाला वाटे. पण बोलणार कोण? मर्विनची स्वतःची गाडी ठणठणीत कोरडी होती.

गाडी इंग्लंडात बनलेली, दोन सिलिंडरची, त्याच्या लग्नाहूनही जुनी. अशा गाड्यांना वयोमानाप्रमाणे कुठून ना कुठून ऑइल पाझरायचंच, आणि गावातल्या जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या क्लबात ही गोष्ट सगळ्यांनी सांधेदुखीसारखी मान्य करून टाकली होती. किम नॅन्किव्हेल हा मर्विनचा शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, ढेरपोट्या आणि सावकाश बोलणारा. तो म्हणे, "म्हातारपणी थोडं गळायचंच. आपण तरी कुठे कोरडे राहिलोय?" मर्विनला हा विनोद आवडत नसे. त्याचं मत असं, की गळती हा गाडीचा दोष नसून मालकाचा स्वभाव आहे. हे वाक्य त्याने क्लबच्या सभांमध्ये इतक्यांदा ऐकवलं होतं, की चहाचे कप विसळणारी बाईसुद्धा ते त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणू शकली असती.

या मताच्या मागे त्याची नोकरी होती. शेजारच्या वालरू बंदरावर धान्याची प्रचंड कोठारं आहेत. तिथे मर्विनने सुरक्षा अधिकारी म्हणून उभा जन्म काढला. 'शिडी चढताना समोर पाहा' अशी पाटी त्याने शिडीपाशी लावली होती, आणि ती इतक्या उंचावर होती की वाचायला मान वर केलेला माणूस पहिल्याच पायरीला ठेचकाळे. त्याच्या कारकिर्दीत कोठारावर मोठा अपघात झाला नाही, हे मात्र खरं. मजूर म्हणत, पाट्या वाचण्यातच दिवस संपायचा, अपघात करायला सवड कुठली? निवृत्तीनंतर पाट्या लावायला जागा उरली नाही. स्वयंपाकघरात लावायला त्याची बायको ग्लेनिस हिने साफ नकार दिला. मग ती सगळी दक्षता मोटरसायकलींवर येऊन पडली.

ऑक्टोबरात क्लबचा वार्षिक मेळावा भरे. फुटबॉलच्या मैदानावर गाड्या रांगेने लावायच्या, मटण-बटाटा भरलेल्या पेस्टी खायच्या, एकमेकांच्या गाड्यांचं तोंडभरून कौतुक करायचं आणि घरी जाऊन बायकोजवळ त्यांना नावं ठेवायची, असा भरगच्च कार्यक्रम असे. त्या वर्षी त्यात मर्विनचं प्रात्यक्षिकासह भाषण होतं. विषय त्याचा त्यानेच दिला होता: 'कोरडं इंजिन: सवय आणि शिस्त'.

मेळाव्याला महिनाभर असताना एका सकाळी त्याने शेडमधून गाडी बाहेर काढली, आणि सिमेंटच्या फरशीवर त्याला एक डाग दिसला. नाण्याएवढा, काळपट, चकचकीत.

पहिला संशय अर्थातच किमवर गेला. पण किम येऊन आठवडा झाला होता आणि तेव्हाही त्याची गाडी ट्रेवरच उभी होती. मग ग्लेनिसच्या मोटारीवर. ती मोटार शेडमध्ये कधी आलीच नव्हती, तरी मर्विन तिच्याखाली आडवा पडून खात्री करून आला. मग शेजारच्या डल्सीबाईंचं मांजर. मांजराच्या अंगातून ऑइल कसं येईल, हा प्रश्न त्याला पडला. पण पंजांना माखून आणलं असेल, असंही त्याने सुचवून पाहिलं, अर्थात स्वतःलाच. शेवटी त्याने फरशी पुसली, गाडी जागेवर लावली आणि खाली पेपर पसरला. दुसऱ्या दिवशी हवामानाच्या पानावर, नकाशातल्या ॲडलेड शहराच्या बरोबर डोक्यावर, ताजा थेंब बसला होता.

मर्विन उपड्या खोक्यावर टेकला. त्याला राग आला नाही. त्याला लाज वाटली, आणि ती इतकी वाटली की त्याने उठून शेडचं दार आतून लावून घेतलं. आमच्या मुंटात दिवसाढवळ्या पुरुषाच्या शेडचं दार बंद असणं हीच मुळात एक बातमी असते.

त्याने इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने कोरडं केलं. मग गळती शोधायची जुनी युक्ती म्हणून ग्लेनिसची लॅव्हेंडरच्या वासाची टाल्कम पावडर इंजिनावर भुरभुरली. पांढऱ्यावर ऑइल लगेच दिसतं. त्याने गाडी चालू केली. ही इंजिनं चालू झाली की आजूबाजूची जमीनसुद्धा हलते. अर्धी पावडर इंजिनावर राहिली, उरलेली मर्विनवर. तो घरात आला तेव्हा ग्लेनिसने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती जेवणासाठी मासे पिठात घोळवत होती. "तूही इथेच थांब," ती म्हणाली, "तेल तापतच आलंय."

पण युक्ती लागू पडली होती. सगळं इंजिन पांढरंशुभ्र आणि फक्त तळाशी, ऑइल काढायच्या ड्रेन नटाभोवती, ओली काळी कड. शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं की नट जिथे बसतो तिथलं तांब्याचं वायसर गेलंय. मर्विनने ते पाहिलं आणि त्यावर विश्वास ठेवायला नकार दिला. कारण तो नट त्याने स्वतः आवळला होता. ऑगस्टात ऑइल बदलताना त्याने नट नेहमीसारखा घट्ट केला होता, आणि त्यानंतर पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून, सुरक्षेसाठी म्हणून, आणखी पाव फेरा दिला होता. हा पाव फेरा त्याची खासियत होती. अख्ख्या क्लबला त्याने तो शिकवला होता. तेव्हा ऑइल नटातून येणं शक्य नव्हतं. ते वरून कुठून तरी येऊन नटावर आळ घेत होतं.

मग त्याने वरची झाकणं काढली आणि नवीन पॅकिंग घालून परत बसवली. थेंब पडला. बाजूचं झाकण काढलं, बसवलं. थेंब पडला. कार्बुरेटरचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता; तरी तो खोलून, धुऊन, पुन्हा लावून झाला. थेंब पडतच राहिला.

अशात रविवार उजाडला. रविवारी क्लबची मंडळी किनाऱ्याच्या रस्त्याने फिरायला जात, आणि किम मर्विनला घ्यायला येई. मर्विन शेडच्या दारात असा उभा राहिला की किमला आतलं काही दिसू नये. आज जमणार नाही, तो म्हणाला. का, म्हणून किमने विचारलं. मर्विनने उभ्या आयुष्यात थापा मारल्या नव्हत्या. त्यामुळे त्याला त्यांचा सराव नव्हता, आणि माफक थाप कशी मारतात हे ठाऊक नव्हतं. "खुबा दुखतोय," तो म्हणाला, आणि मग ते कमी पडलं असं वाटून पुढे म्हणाला, "डॉक्टरांना लक्षण ठीक वाटत नाही."

किम मनाचा चांगला. त्याने ही गोष्ट अगदी हळहळून बेकरीत सांगितली. बेकरीतून ती डल्सीबाईंकडे आली. डल्सीबाईंच्या यजमानांचे दोन्ही खुबे बदलून, त्यानंतर ते वारलेही होते. त्यामुळे या विषयावर गावात त्यांचा शब्द शेवटचा. गुरुवारी ग्लेनिस चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात पाळीला गेली, तर डल्सीबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं की धीर सोडायचा नाही, आताशा ॲडलेडमध्ये शस्त्रक्रिया फार छान करतात, आणि चाकाच्या खुर्चीचीही माणसाला सवय होते.

ग्लेनिस घरी आली ती डोळे वटारूनच. मर्विनने तिला सगळं सांगितलं, थेंबासकट. मेळावा होईपर्यंत तिने गप्प राहावं, अशी गळ घातली. तीही का कोण जाणे, गप्प राहिली. चाळीसएक वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदाच काहीतरी लपवायला तिची मदत मागितली होती.

दुसऱ्या दिवसापासून दारात भांडी येऊ लागली. खिमा घातलेली मॅकरोनी आली. बार्लीत शिजवलेलं मेंढीचं मटण आलं. ट्यूना माशाचं एक करडं प्रकरण आलं, वरून चुरलेल्या वेफर्ससह. किम आपल्या दिवंगत वडिलांची काठी घेऊन आला आणि ती फडक्याने पुसून त्याने मर्विनच्या हातात दिली. आता मर्विनला लंगडणं भाग होतं. तो प्रामाणिकपणे लंगडे. पण डल्सीबाईंसमोर डाव्या पायाने लंगडला आणि पाद्रीसाहेबांसमोर उजव्या. त्या दोघांनी माहितीची देवाणघेवाण केली, आणि संध्याकाळपर्यंत गावात कळलं की दुखणं दुसऱ्या बाजूला पसरलं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. मर्विन पहिल्या ओळीत, खाली उशी घेऊन, स्वतःच्याच खुब्यासाठी डोळे मिटून बसला होता.

घरी आल्यावर ग्लेनिसने टोपी काढून टेबलावर आपटली. "माझ्या बहिणीचा नवरा त्या दातांच्या दवाखान्यातल्या बाईबरोबर पळून गेला," ती म्हणाली, "तेव्हासुद्धा आपण गावाला खरं सांगितलं होतं. आणि आज तुझ्या एका थेंबासाठी मी देवासमोर आमेन म्हणून आलेय. ते ट्यूनाचं भांडं तू संपव. मी हात लावणार नाही."

मर्विनने ते संपवलं. त्याच्या मते ती शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्तच होती.

शनिवारी सकाळी, ग्लेनिस भाजी आणायला गेल्याची संधी साधून, मर्विन अखेर गाडीखाली आडवा झाला. संशय घ्यायला आता इंजिनात दुसरं काही उरलंच नव्हतं. त्याने खाली ट्रे सरकवला, नटाला पाना लावला आणि पायांनी भिंतीला रेटा देऊन असा काही पीळ दिला की सर्कशीतल्या माणसाने पाहत राहावं. स्वतः आवळलेला नट सोडवताना त्याच्या कपाळाला घाम फुटला. नट करकरला, सुटला. ऑइल ट्रेमध्ये उतरलं. तांब्याचं वायसर त्याच्या तळहातावर आलं. एका बाजूला कागदासारखं पातळ दाबलेलं, दुसऱ्या बाजूला जाड. पाव फेऱ्याने त्याचा पार चुराडा झाला होता.

तो ते बोटात फिरवून पाहत होता, तेवढ्यात फाटक वाजलं.

आजारी सभासदाच्या घरची कामं मिळून करायची, अशी क्लबची जुनी रीत आहे. सगळी मंडळी आली होती. कोणी गवत कापायचं यंत्र घेऊन, कोणी शिडी घेऊन. मर्विनच्या पत्र्यावरची पन्हळ साफ करायची, अंगणातलं गवत कापायचं, सगळं त्यांनी आपसात वाटून घेतलं होतं. मर्विनला आता वाकता येत नाही, तर त्याच्या गाडीची देखभाल आपण करू, ही कल्पना किमची. त्याने शेडचं दार ढकललं. दाराला आतून कडी होती, पण ती लावायची मर्विनच्या हातून नेमकी आजच राहिली होती.

आत खुब्याने जायबंदी झालेला मर्विन पेंगिली एक पाय भिंतीवर, दुसरा पाय स्वतःच्या खांद्याच्या दिशेने, अशा अवस्थेत गाडीखाली पडलेला होता.

किमने दार मागे लोटून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना दिसू नये. मग थोडा वेळ पाहून म्हणाला, "खुबा बराच मोकळा झालाय की."

मर्विनने विव्हळून पाहिलं, पण त्याची वेळ टळून गेली होती. किम कण्हत, हाश्शहुश्श करत, ढेरी सांभाळत त्याच्या शेजारी आडवा झाला. दोघं वर इंजिनाकडे बघत राहिले.

"ड्रेन नट?" किमने विचारलं.

"हं."

"आवळला कोणी होता?"

बाहेर गवत कापायचं यंत्र सुरू झालं. ते बंद पडेल आणि मग उत्तर देऊ, अशी मर्विनने वाट पाहिली. ते बंद पडेना.

"मी," तो म्हणाला.

"पाइप लावून?"

"पाइप लावून."

किमच्या पोटात आधी हसू हललं आणि त्याने शेजारचे पाने किणकिणले. मग तो मनसोक्त हसला. हसून झाल्यावर मात्र तो छताकडे बघत सावकाश म्हणाला, "तुला एक सांगू, मर्व्ह? तुझ्याकडे येताना मी दर खेपेला कोपऱ्यावर थांबून गाडी पुसतो. जेनिस आजारी होती ना, तेव्हा मी इकडे फिरकलोच नाही बघ. तिला आंघोळ घालायची, भरवायची, सगळं करून कधी तासभर मोकळा मिळायचा. वाटायचं, तुझ्याकडे येऊन बसावं. पण गाडी गळत होती, आणि ती पुसायची ताकद नव्हती."

किमच्या बायकोच्या त्या आजारपणात मर्विन ग्लेनिसला म्हणाला होता की किमला सध्या एकटं राहायचं असेल, माणसाला तेवढी मोकळीक द्यावी. त्या समजूतदारपणाबद्दल स्वतःची पाठही थोपटली होती. आता गाडीखाली पडल्या पडल्या त्याला आपला चेहरा कुठे न्यावा ते कळेना. तो वळवायला जागाही नव्हती.

"चालतच यायचंस," तो कसाबसा म्हणाला.

"चालत?" किम म्हणाला. "मोटरसायकलवाला माणूस मी."

एवढंच बोलणं झालं. मग दोघं उठले. त्यातही मर्विन आधी उठला आणि त्याला किमला हात द्यावा लागला.

नवीन वायसर मिळायचं तर सोमवारी दुकान उघडेपर्यंत थांबायला हवं होतं. किम म्हणाला, हेच भाजून मऊ करून बघू. दोघं स्वयंपाकघरात गेले. मर्विनने वायसर आधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या. मग ते तारेला अडकवून गॅसच्या ज्योतीत धरलं. तांबं लालबुंद झालं तसं किमने ते पाण्याच्या भांड्यात सोडलं. चुर्र झालं. तापवून विझवलेलं तांबं मऊ पडतं, नटाखाली पुन्हा नीट दबून बसतं.

त्याच क्षणी ग्लेनिस भाजीच्या पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. अंगणात क्लब, शिडीवर क्लब, आणि तिच्या स्वयंपाकघरात हात काळे केलेले दोन म्हातारे, तिच्या दुधाच्या पातेल्यात काहीतरी विझवणारे. नवऱ्याच्या हातात काठी नव्हती हेही तिने पाहिलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या. "कळलं का एकदाचं?" तिने विचारलं. मर्विनने मान डोलावली. "बरं झालं," ती म्हणाली, "मला आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता. आणि ते पातेलं आता शेडमध्येच ठेवायचं."

शेडमध्ये मर्विनने वायसर घातलं, नट बोटांनी फिरवला, मग पान्याने घट्ट केला. सवयीने त्याचा हात पाइपकडे गेला. किमने तो पाइप आधीच उचलून खिडकीतून बाहेर, डल्सीबाईंच्या बागेत फेकून दिला होता. ऑइल भरलं, गाडी चालू केली, खाली कोरा कागद टाकला आणि दोघं त्याच्याकडे बघत चहा प्यायले. कागद कोराच राहिला.

बाहेरच्यांना सांगायचं काय, हा प्रश्न होता. मर्विनने ते स्वतः सांगायचं ठरवलं. अंगणात जाऊन, कापलेल्या गवतात उभं राहून त्याने सांगितलं की खुबा ठीक आहे, गाडी गळत होती. मंडळींना हे एकदम उमगेना. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग शिडीवरचा माणूस इतका हसला की त्याला उतरवून घ्यावं लागलं. शिडी चढताना समोर पाहावं, हे त्याला मर्विननेच शिकवलं होतं. ग्लेनिसने लोकांनी आणलेलं सगळं खाणं गरम करून अंगणातल्या टेबलावर मांडलं. आपापल्या बायकांनी केलेले पदार्थ आपणच संपवण्याची वेळ मंडळींवर आली. मटण झटकन गेलं. मॅकरोनीही गेली.

पन्हळ मात्र अर्धवटच राहिली. धडधाकट माणसाची पन्हळ आपण का साफ करायची, असा ठराव एकमताने पास झाला.

मेळाव्याला मैदानावर कधी नव्हती एवढी गर्दी जमली. मर्विनने भाषणाची सगळी तयारी घरी ठेवली. नट जास्त आवळला की वायसरचं काय होतं आणि ते भाजून मऊ कसं करतात, एवढंच त्याने सांगितलं आणि चहाच्या वेळेच्या कितीतरी आधी खाली बसला. क्लबच्या इतिहासात इतकं आखूड भाषण झालं नव्हतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी बाजूला येऊन हळूच विचारलं, की तो पाव फेरा आम्हीही देत आलोय, तर आता काय करायचं? पुढच्या काही आठवड्यांत मुंटातल्या किती स्वयंपाकघरांत तांबं लाल झालं, ते बायकांनाच ठाऊक.

गावाला मात्र खुब्याची गोष्ट अधिक पटली होती. ऑइलच्या थेंबासाठी एक शहाणा माणूस इतके दिवस लंगडेल यावर डल्सीबाईंचा विश्वास बसेना. त्या सांगत की पेंगिली कुटुंब आजार लपवतंय, अभिमानी माणसं आहेत ती. अजूनही बेकरीत कोणीतरी उठून मर्विनला खुर्ची देतं, आणि तो, वाद घालून थकलेला, बसतो.

हिवाळ्यात, फुटबॉलचा हंगाम भरात असताना, त्याच्या गाडीचं वरचं झाकण पाझरू लागलं. मर्विनने किमला फोन केला. आधी कालच्या सामन्यात आपल्या पोरांनी कशी माती खाल्ली त्यावर बराच वेळ बोलणं झालं. मग तो म्हणाला, गाडी पुन्हा गळायला लागलीय, आज येतोस का? किम म्हणाला, आज नको, आज फार थंडी आहे, उद्या पाहू. मर्विन बरं म्हणाला आणि टीव्हीवर आजचा सामना बघायला जाऊन बसला.